बाहेरगावचे का?

"बाहेरगावचे का हो तुम्ही?"

हा प्रश्न मला विचारला गेला. मला! जन्म नाना पेठेतला, शाळा टिळक रोडवरची आणि गेली अकरा वर्षं मुक्काम सहकारनगर. आणि विचारला कुठे, तर पर्वतीच्या पायऱ्यांवर, म्हणजे माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. चार दिवस झाले या गोष्टीला, अजून जेवता जेवता मधेच आठवतं आणि मी ताटाकडे बघत बसतो.

झालं असं की नागपूरचे साडू सुट्टीला आलेत. सोबत मेहुणी, १३ वर्षांची मुलगी (जी घरात आहे की नाही ते चार्जर जागेवर आहे का यावरून कळतं) आणि ८ वर्षांचा मुलगा. पहिल्याच रात्री जेवताना साडू म्हणाले, "पुण्यात फिराचं म्हणजे खिसा पाहिजे बाप्पा." झालं. माझ्यातला पुणेकर ताडकन उठून बसला आणि मी म्हणून गेलो की सहा जणांना ५०० रुपयांत अख्खं पुणं दाखवतो. बायको डोळ्यांनी खुणावत होती पण तोपर्यंत साडूंनी मोबाइलमध्ये नोट उघडून वर 'पुणे ५००' असं टाइप पण केलं होतं. साडू बँकेत आहेत. ते काहीही विसरत नाहीत.

गाडी त्यांचीच घेतली, एमएच ३१. ही पहिली चूक. पुण्यात तुम्ही कोण आहात हे तुमच्या तोंडाआधी गाडीची नंबरप्लेट सांगते, दिवसभर मी ज्याच्याशी बोललो तो आधी प्लेटकडे बघायचा आणि मग माझ्याशी सावकाश, सोपे सोपे शब्द वापरून बोलायचा.

सुरुवात पाताळेश्वरापासून केली कारण ते फुकट आहे. आठव्या शतकातलं लेणं, राष्ट्रकूटांच्या काळातलं, जंगली महाराज रोडसारख्या रस्त्याला लागून, आणि आत गेलं की हॉर्न एकदम लांब गेल्यासारखे वाटतात. समोरचा तो गोल नंदीमंडप मला लहानपणापासून आवडतो. मी अगदी रंगात येऊन सांगितलं की बघा, हे सगळं खडकात खोदलेलं आहे आणि काम अर्धवटच राहिलंय. साडू म्हणाले, "बाराशे वर्षं झाली न?" म्हणलं हो. "मंग आमच्याकडच्या रस्त्यापेक्षा बरं चालू आहे." नोटमध्ये लिहिलं, ०.

तिथून शनिवारवाडा. माणशी २५ रुपये, फोनवरून काढलं तर २०, पण माझा फोन नेमका तेव्हाच मेला आणि साडूंनी स्वतःचा फोन काही खिशातून काढला नाही. पंधरा वर्षांखालच्या पोरांना तिकीट नाही, म्हणजे चौघांचे १००. वाड्याबद्दल माझं पाठांतर पक्कं आहे, पायाभरणी १० जानेवारी १७३०, खर्च १६,११० रुपये. साडू थबकलेच. "सोळा हजारात वाडा? आमच्या बाल्कनीच्या ग्रिलला जास्त लागले." मग आत गेले आणि म्हणाले, "पण वाडा कुठं आहे?" आता हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो आणि प्रत्येक वेळी मला तो वाडा मीच कुठेतरी ठेवून विसरलोय असं वाटतं. १८२८ साली आग लागली, सात दिवस जळत होता, आता आत राहिलीत ती जोती आणि लॉन. "म्हणजे पाया पाहाचे शंभर," साडू म्हणाले, आणि लिहिलं.

पोराला मात्र वाड्यात फक्त भूत बघायचं होतं. नारायणरावांचा खून, ३० ऑगस्ट १७७३, 'काका मला वाचवा', हे सगळं त्याला यूट्यूबवरून माझ्यापेक्षा जास्त माहिती होतं. त्याचं म्हणणं असं की भूत रात्री येतं आणि रात्री गेट बंद असतं, तर मग दिवसाचे पैसे कशाला घेतात? मला उत्तर देता आलं नाही. पण खरा त्रास पुढे झाला. मी नात्याने त्याचा काकाच लागतो, तेव्हा त्याला तहान लागली की "काका मला वाचवा", पाय दुखले की "काका मला वाचवा", आणि एका प्रेक्षणीय ठिकाणी (नाव घेत नाही) स्वच्छतागृहाला भलंमोठं कुलूप होतं तिथे तर तो हे इतक्या मनापासून ओरडला की चार लोकांनी माझ्याकडे आनंदीबाईच्या नवऱ्याकडे बघावं तसं बघितलं.

हे कुलूप प्रकरण मला हसण्यावारी न्यायचं होतं पण खरं सांगू का, जमत नाही. तिकीट स्वस्त असतं हे बरोबर, मान्य. पण सावलीला बाक नाही, पाणी विकतच घ्यायचं, फुटपाथवर गाड्या आणि रस्त्यावर माणसं, आणि बायकांनी दुपारी चार तास बाहेर काढायचे तर जायचं कुठे? माझी बायको आणि मेहुणी सकाळपासून पाणीच पीत नव्हत्या, हे मला दुपारी कळलं. तेही मिसळ खाताना, तिखट लागूनसुद्धा दोघी पाण्याला हात लावेनात तेव्हा. त्याचा हिशोब साडूंच्या नोटमध्ये कुठे लिहायचा?

मिसळीचा मात्र लिहिला. सहा प्लेट, ७२०. अंदाजपत्रक तिथेच आडवं झालं. मी म्हणालो खाणं यात धरायचं नाही, आपलं बोलणं फक्त बघण्याचं झालं होतं. साडू म्हणाले, "उपाशी पाहाचं होतं का?" त्यावरून मी उपाशी विठोबाचा विषय काढला, म्हणजे विषय बदलावा म्हणून. पुण्यातलं खरं फुकट दर्शन म्हणजे आमच्या देवांची नावं. खुन्या मुरलीधर, जिलब्या मारुती, डुल्या मारुती, पासोड्या विठोबा. मेहुणी म्हणाली, "भाऊजी, देवाला नाव ठेवणारं गाव आहे हे." ठेवणारच. माणसांना ठेवून ठेवून उरतातच तेवढी.

तर पर्वती. संध्याकाळी पाच वाजता, कारण पर्वती फुकट आहे. तोपर्यंत नोटमध्ये आकडा होता १०९०. तिकिटं १००, मिसळ ७२०, दोन ठिकाणचं पार्किंग ६०, पाणी ६०, आणि पोराने रस्त्यात घ्यायला लावलेला धनुष्यबाण १५०.

पर्वतीच्या पायऱ्या ज्याने बांधल्या त्याने माणसाचं पाऊल मोजलेलं नाही. एका पावलात पायरी संपत नाही आणि दोन पावलांत उरते. पोरं पुढे पळाली, साडू (मधुमेह नाही, पोट नाही, बँक!) टकाटक चढले, आणि मी साधारण निम्म्यात कठड्याला टेकून शहराकडे बघायला लागलो. म्हणजे शहर बघत होतो असं दाखवत होतो.

तर बाजूला एक मावशी. सत्तरीच्या असतील. डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी, आणि पायात नातवाचे असावेत असे चमकत्या पट्ट्यांचे बूट. त्या खाली उतरत होत्या, माझ्यापाशी थांबल्या, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या,

"बाहेरगावचे का हो तुम्ही?"

"नाही नाही. इथलाच."

"हितला न्हाई वाटत."

"का?"

"हितं बाहेरची बसत्यात. पुण्यातली वर जाऊन बसत्यात."

मी म्हणालो मी बसलेलो नाहीये, टेकलोय. त्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तेवढ्यात साडू चार पायऱ्या उतरून परत आले, माझी काळजी म्हणून नव्हे, काहीतरी चाललंय याचा वास लागला म्हणून. मावशींनी त्यांना विचारलं, कुठलं गाव? साडू म्हणाले नागपूर. आणि हे? आणि या माणसाने, ज्याने माझ्या घरी तीन दिवस साजूक तुपातला शिरा खाल्लाय, माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं,

"हे पण तिकडलेच, मावशी. लाजतात जरा."

मी बायकोकडे बघितलं. ती धनुष्यबाण धरून उभी होती आणि पदराआड हसत होती. बावीस वर्षांचा संसार.

मग मावशींनी आमची जबाबदारीच घेतली. रिक्षावाल्याला आधी मीटर टाक म्हणायचं. मंडईत भाव करायचा, तुमच्यासारख्यांना लुटतात. तुळशीबागेत पर्स पोटापाशी धरायची. हे सगळं माझ्याकडे बघून, बोट माझ्याकडे करून! मी शेवटी म्हणालो, मावशी, अहो मी खरंच पुण्याचा, नाना पेठेत जन्मलोय.

"असं? मग पायऱ्या किती हायेत?"

"कुठल्या?"

"ह्या. ज्याच्यावर उभा हायेस."

इथे मावशींच्या तोंडी माझ्या 'अहो'चं 'अरे' झालं हे लक्षात घ्या. मी म्हणालो, शंभरेक असतील.

"एकशे तीन. शंभरेक म्हणजे काय, भाजी हाय का?" मग साडूंकडे वळून, "बघा." मग परत माझ्याकडे. "सारसबागेच्या गणपतीला काय म्हणत्यात?"

"तळ्यातला गणपती!" मी इतक्या जोरात ओरडलो की एक जॉगिंगवाला थांबला.

"ते शाळेतलं पोर पण सांगल. उपाशी विठोबा कुठाय?"

आता दुपारीच मी ह्या विठोबावर व्याख्यान दिलेलं. पण तो कुठे आहे हे व्याख्यानात नव्हतं. मी म्हणालो, पेठेत. कुठल्या? बुधवार.

मावशींनी डोळे मिटले. "त्यो पासोड्या. उपाशी सदाशिवात." आणि मग, हे मला सगळ्यात लागलं, आवाज एकदम मऊ करून त्या म्हणाल्या, "असूंदे. होतं असं. नवीन माणसाला न्हाई कळत."

राहता कुठे, असंही विचारलं त्यांनी. मी सहकारनगर म्हणालो. "म्हंजी पाहुण्यांकडं उतरलाय. बरं हाय, खिडकीतनं पर्वती दिसत आसंल." मी म्हणालो दिसायची, आता समोर बारा मजली झालीय. हे एवढं एकच त्यांना माझं पटलं. "लई बांधत्यात," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघंही जरा वेळ गप्प उभे राहिलो.

मग त्या आमच्याबरोबर परत वर निघाल्या. डॉक्टरांनी शुगरसाठी दोन चकरा सांगितल्यात, त्या चार मारतात. दोन स्वतःच्या, दोन मालकांच्या, कारण शुगर मालकांना पण आहे आणि ते टीव्हीसमोरून उठत नाहीत. मेहुणीने विचारलं, मग त्यांची शुगर उतरली का? "न्हाई उतरली. पर माझी लई उतरली." पोराला त्यांनी पिशवीतून फुटाणे दिले. १३ वर्षांच्या मुलीने फोन खिशात ठेवला, चक्क, आणि बुटांचे दिवे कसे लागतात ते विचारत त्यांच्या शेजारून चालायला लागली. मी मागून, धनुष्यबाण घेऊन.

वर देवदेवेश्वराचं दर्शन झालं. १७४९ चं देऊळ, नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं, आणि पानिपतानंतर १७६१ मध्ये ते गेले तेही इथेच पर्वतीवर. हे मी सांगितलं, पण कुणाला, ते माहीत नाही, कारण सगळे मावशींभोवती होते आणि त्या हडपसर कुठे, कोथरूड कुठे ते काठीशिवाय, नुसत्या हनुवटीने दाखवत होत्या. मग मी माझा हुकमाचा एक्का काढला. म्हणालो, मावशी, तुम्हाला माहितीय का, १८१७ साली खडकीची लढाई झाली ना, तेव्हा दुसरे बाजीराव इथे पर्वतीवर उभे राहून ती बघत होते.

"ठावं हाय की. बघत बसला, म्हणून तर गेलं."

साडूंना हे इतकं आवडलं की त्यांनी ते त्याच नोटमध्ये लिहून घेतलं, १०९० च्या खाली. मला मनातल्या मनात वाटलं की पर्वतीवरून फुकट बघितलेल्या त्या एका सीनची किंमत सगळ्यांत जास्त पडली, पण हे बोलायला गेलो तर मेहुणी म्हणाली भाऊजी जरा फोटो काढता का. काढला. मधे मावशी, आजूबाजूला सगळे, मागे मावळतीचं पुणं. रात्री साडूंच्या स्टेटसला तोच होता, 'अस्सल पुणेकरासोबत'. मी त्यात नाही. डाव्या कोपऱ्यात अंगठा आहे, तो माझा.

काल सकाळी सहाला मी कुणाला न सांगता एकटा गेलो. नीट मोजायच्या ठरवून, प्रत्येक पायरीवर मनात आकडा म्हणत. साठाच्या आसपास एका कुत्र्याने लक्ष विचलित केलं, वर पोचलो तेव्हा एकशे एक. म्हणजे दोन कुठेतरी गेल्या. परत खाली जाऊन मोजाव्यात का, असा विचार करत तिथेच कठड्याला टेकलो, तर समोरून दिवे लागलेले बूट.

"अगं बाई, अजून हायेस व्हय हितंच? गाडी कधीची?"

मी म्हणालो, "रात्रीची."