एका दरासाठी आणखी एक डिव्ह कशाला?

वेबसाइट करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत टेलविंडबद्दल, म्हणजे पानाला रूप देणाऱ्या तयार क्लासच्या संचाबद्दल, एक संदेश फिरतोय: ‘टेलविंडमध्ये फ्लेक्समधली एकच वस्तू वेगळी हलत नाही. सेल्फ-एन्ड वगैरे क्लास नावापुरते, उजवीकडे काही नेत नाहीत, मोबाइलवर तर मोडतातच. सरळ आणखी एका डिव्हमध्ये गुंडाळा.’ (क्लास म्हणजे पानावरच्या वस्तूला जोडायची छोटी आज्ञा, फ्लेक्स म्हणजे वस्तू ओळीत किंवा एकाखाली एक मांडायची पद्धत, डिव्ह म्हणजे कोडमधला साधा डबा.) मलाही हा संदेश तिघांनी पाठवला. त्याच वेळी मी म्हापशातल्या एका खानावळीच्या मेनूचं पान करत होतो. डावीकडे थाळीचा फोटो, मध्ये वर्णन, उजवीकडे दर.

आधी गुंडाळण्याचं बघू. वर्णनात शीत, हुमण, किसमूर, तळलेला बांगडा, सोलकढी असं सगळं आलं, मजकूर पाच ओळींवर गेला आणि गोल थाळी अंड्यासारखी उभी ताणली. फ्लेक्समध्ये उंची ठरवून न दिलेली वस्तू मुळातच ओळीच्या उंचीएवढी ताणली जाते. डिव्हमध्ये गुंडाळलं की ताण डिव्हवर जातो आणि फोटो वाचतो, म्हणून तो उपाय पटतो. पण फोटोलाच सेल्फ-स्टार्ट, म्हणजे न ताणता वर टेकवणारा क्लास, दिलं तरी थाळी गोल होते, आणि सहा महिन्यांनी कोड उघडणाऱ्याला तो रिकामा डिव्ह कशासाठी होता हे शोधत बसावं लागत नाही.

‘उजवीकडे नेत नाही’ हे मात्र खरं. फक्त ते त्याचं कामच नाही. सेल्फचे क्लास मांडणीला छेदणाऱ्या अक्षावर चालतात: वस्तू डावीकडून उजवीकडे मांडल्या असतील तर तो अक्ष म्हणजे वर-खाली. दराला सेल्फ-एन्ड दिलं तर तो तळाशी बसतो. ओळीत सगळ्यात उंच वस्तू तीच असेल तर सरकायला जागाच नसते, म्हणून काहीच घडलं नाही असं वाटतं. काही जण मग जस्टिफाय-सेल्फ-एन्ड लावतात. तो गुणधर्म ग्रिडमध्ये, म्हणजे चौकटींच्या मांडणीत, चालतो, फ्लेक्समध्ये ब्राउझर त्याच्याकडे बघतही नाही. उजवीकडे ढकलायला एमएल-ऑटो, म्हणजे डावीकडचा ऑटो मार्जिन. उरलेली सगळी जागा ते डाव्या बाजूला खातं.

मोबाइलवर मोडतं म्हणणाऱ्यांचा राग मला कळतो, कारण माझंही मोडलं होतं. लहान पडद्यावर मांडणी फ्लेक्स-कॉल, म्हणजे उभी; 768 पिक्सेलपासून एमडी:फ्लेक्स-रो, म्हणजे डावीकडून उजवीकडे (एमडी: लावलेलं तेवढ्या रुंदीपासूनच लागू होतं). उभ्या मांडणीत अक्ष बदलतात, म्हणून तळाशी बसणारा दर तिथे उजव्या कडेला गेला. तो डावीकडे आणायला सेल्फ-स्टार्ट एमडी:सेल्फ-एन्ड असं लिहिलं, तरी हलेना! अर्धा तास टेलविंडला शिव्या घातल्या. आधी लिहिलेलं एमएल-ऑटो तिथेच होतं, आणि ज्या दिशेला ऑटो मार्जिन असतो त्या दिशेला सेल्फचं काही चालत नाही. एमडी:एमएल-ऑटो केलं आणि फोनवर दर बांगड्याखाली, डावीकडे, हवा तिथे आला.