घरून मतदान होते, मग केंद्रावर रॅम्प कशाला?

निवडणूक जवळ आली की व्हॉट्सॲपवर अशा आशयाचा एक संदेश फिरू लागतो: ‘दिव्यांगांना आता घरबसल्या मत देता येते. मग दोन-चार जणांसाठी केंद्रावर रॅम्प, व्हीलचेअर, स्वयंसेवक असा खर्च कशाला? तसेही बटण सोबतचा माणूसच दाबतो. आणि गतिमंदांना तर मताचा अधिकारच नसतो.’ चांगल्या मनाची माणसेही हे पुढे ढकलतात, म्हणून उत्तर देणे भाग आहे.

‘आता घरून मत देता येते.’ सगळ्यांना नाही. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते आणि अधिसूचना निघाल्यापासून ५ दिवसांत नमुना १२-ड भरून द्यावा लागतो. ज्याच्यापर्यंत अर्ज वेळेत पोहोचला नाही, त्याची ती सोय गेली. शिवाय अर्ज मंजूर झाला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. ही सोय २०२४ मध्ये लोकसभेसाठी देशभर मिळाली आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी ती मोलाची आहे. पण ती ऐच्छिक आहे, केंद्राला पर्याय म्हणून आणलेली नाही.

अंध मतदाराचेच पाहा. घरी येते ती कागदी मतपत्रिका. छापील नावे त्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागणार, मग मत गुप्त कसे राहील? केंद्रावर मात्र मतदान यंत्रावर ब्रेल अंक असतात, ब्रेलमधली नमुना मतपत्रिका मागता येते. उमेदवाराचा क्रमांक बोटांनी शोधून तो स्वतः बटण दाबू शकतो. मत कोणाला गेले ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी त्याला वाचता येत नाही, ही उणीव अजून आहेच. तरीही आपले मत आपल्याच हाताने देण्याची संधी त्याला केंद्रावर मिळते, आणि तीच आपण खर्चाच्या नावाखाली काढून घ्यायला निघालो आहोत.

‘बटण सोबतचा माणूसच दाबतो.’ निवडणूक नियमांतील ४९-एन प्रमाणे, मतदाराला चिन्ह ओळखता येत नसेल किंवा बटण दाबता येत नसेल, तरच सोबती नेता येतो. तो १८ वर्षांचा तरी हवा, त्या दिवशी एकाहून अधिक मतदारांचा सोबती होऊ शकत नाही आणि मत गुप्त ठेवण्याचे लेखी देतो. कोणाला मत द्यायचे हे मतदारच सांगतो. ‘आईला काय कळतंय, मीच दाबतो’ म्हणणारा मुलगा मदत करत नाही, आईचे मत स्वतः देतो.

‘गतिमंदांना मत नसते.’ साफ चूक. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १६ नुसार, सक्षम न्यायालयाने मनोविकल ठरवलेल्या व्यक्तीचेच नाव या कारणावरून यादीबाहेर राहते. डॉक्टरांचा दाखला किंवा घरच्यांचे मत त्यासाठी पुरत नाही. डाऊन सिंड्रोम असलेली १८ वर्षांची मुलगी मतदार आहे.

‘दोन-चार जणांसाठी.’ २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. शिवाय गुडघे गेलेली आजी आणि गरोदर बाईही त्याच रॅम्पवरून जातात. केंद्र बहुधा शाळेत असते. तिथे १ फूट चढायला १२ फूट लांबी या प्रमाणात पक्का रॅम्प बांधला, तर तो वर्षभर मुलांच्या कामी येतो. आदल्या रात्री टेकवलेल्या फळीवरून व्हीलचेअर ढकलणे धोक्याचे असते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ११ प्रत्येक केंद्र सुगम ठेवण्याची जबाबदारी निवडणूक आयोगांवर टाकते, राज्य निवडणूक आयोगावरही. १२-ड हा नमुना लोकसभा-विधानसभेच्या नियमांतला. ग्रामपंचायत आणि पालिकेच्या निवडणुका वेगळ्या कायद्यांखाली होतात, त्यामुळे तिथे ‘घरून द्या की’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

आणि ग्रामसभेत तर घरून बसताच येत नाही. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. सभा पायऱ्या चढून जायच्या सभागृहात भरली, तर ते पैसे कशावर खर्च व्हावेत हे व्हीलचेअरवरचा गावकरी सांगणार कुठून? पुढच्या सभेची नोटीस लागली की सरपंचांना लेखी अर्ज देऊन जागा तळमजल्यावर मागा.