एका सेंटची उस्तवार

न्यू जर्सीत आल्यावर माणसं घर घेतात, गाडी घेतात. मी बँकेतून पंचवीस डॉलरच्या पेन्या, म्हणजे एका सेंटची नाणी, घ्यायला लागलो. पन्नास-पन्नासचे पन्नास रोल, म्हणजे अडीच हजार नाणी आणि सहा-सात किलो वजन. खिडकीतली बाई दर वेळी विचारायची, ‘पुन्हा?’ जुनी, दुर्मीळ नाणी शोधून झाली की सोमवारी मी बाकीची परत करायला जायचो, तेव्हा काहीच विचारायची नाही. ते जास्त लागायचं.

1982 साली अमेरिकेने सेंटमधलं तांबं काढून आत जस्त घातलं. जुना ब्राँझचा सेंट 3.11 ग्रॅम, नवा अडीच. त्यामुळे बायकोचा स्वयंपाकघरातला काटा माझ्या ताब्यात, आणि तिचे केक अंदाजपंचे.

एकदा रात्री 1943 चा तांबूस सेंट हाती आला. युद्धात तांबं हवं म्हणून त्या वर्षी सेंट पोलादाचे पाडले. चुकून ब्राँझमध्ये पडलेले मोजकेच, आणि त्यांची किंमत घराएवढी! थरथरत्या हाताने फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट जवळ नेला. नाणं टुणकन चिकटलं. पोलादावर कुणीतरी तांब्याचा मुलामा दिलेला. विघ्नहर्त्याने माझ्या श्रीमंतीचंच विघ्न हरलं.

शेवटी पैसे साठवून 1909 चा सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीतला सेंट विकत घेतला. पुढे लिंकन, मागे गव्हाच्या दोन ओंब्या, खाली व्ही. डी. बी., म्हणजे शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर. आपल्याकडे आद्याक्षरांवर माणसं जन्मभर मिरवतात, पण अमेरिकनांना ही तीन अक्षरं फार मोठी वाटली. काही दिवसांतच ती काढली. तोवर सॅन फ्रान्सिस्कोत निघाले होते फक्त 4,84,000 सेंट. त्यातला एक माझ्या डबीत. शंभर वर्षांचा तपकिरी रंग, त्यातच त्याची किंमत. मी तो धरायचोसुद्धा कडेने.

त्याच सुमारास सांगलीहून आई आली.

‘अरे, किती कळकट झाला होता तुझा तो पैसा! देवाच्या तांब्याबरोबर घासून टाकला. चिंच-मीठ लावून.’

लिंकन नुकतीच मुंज लागलेल्या बटूसारखा चमकत होता.

नाण्यांच्या दुकानदाराने भिंगातून पाहिलं आणि ‘क्लीन्ड’ एवढंच म्हणाला, आयसीयूतून बाहेर येणाऱ्या डॉक्टरच्या सुरात. पुढे त्याने जो आकडा सांगितला, तो मी घरी सांगितलेला नाही.

आईने लिंकनला देवघरात ताम्हणात ठेवलंय. लक्ष्मीपूजनाला हळदकुंकूही वाहिलं. उरलेली चिंच त्याच दिवशी आमटीत गेली होती. आमटी बरी झाली होती.