पणजोबांचं वय

"आजोबांच्या जमिनीची वारसनोंद तलाठ्याकडून तूच काढून आणलीस ना? मग हे तुला सहज जमेल," असं म्हणून सासूबाईंनी त्यांच्या पणजोबांचं म्हातारपण माझ्या गळ्यात घातलं. ही बढाई मीच कधीतरी जेवताना मारली होती. खरं तर साताऱ्यात ती नोंद बाबांनी बारा खेपा घालून काढली. मी फक्त बाराव्या खेपेला बाहेर रिक्षात बसून होते.

पणजोबा आयर्लंडमधल्या कॉर्क काउंटीच्या पश्चिमेचे, स्किबरीन गावाच्या बाजूचे. नाव मुद्दामच सांगत नाही, नाहीतर निम्मं कॉर्क म्हणेल, ‘अहो, हे तर आमचे!’ इथे थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव ठेवायचं आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, अशी जुनी रीत. पाच भावांनी ती नेमानं पाळली, की एकाच डोंगरउतारावर एकाच नावाचे पाच चुलतभाऊ बटाटे लावू लागतात. त्यांना वेगळं ओळखायचं ते टाउनलँडवरून. टाउनलँड म्हणजे आपली वाडीच म्हणा. आयर्लंडभर अशा साठ हजारांहून जास्त, आणि त्यांचीही नावं पुन्हा पुन्हा तीच.

पणजोबांबद्दल घरात एकच गोष्ट माहीत होती आणि दर ख्रिसमसला ती टर्कीबरोबर वाढली जायची. त्यांना ‘मोठ्या वाऱ्याची रात्र’ आठवत होती! ६ जानेवारी १८३९ ला असं वादळ झालं, की देशभर घरांची छपरं उडाली. चार वर्षांचे पणजोबा वडिलांच्या कडेवर बसून आपलं गवती छप्पर जाताना बघत होते. सांगताना सासूबाई छपराच्या जागी हातातला नॅपकिन उडवायच्या. "म्हातारपणी त्यांचं काय झालं, कधी गेले, तेवढंच सापडत नाही. तेवढं बघ."

बघायला बसलं, की आधी कळतं ते काय काय उरलं नाही ते. जून १९२२ मध्ये, यादवीच्या धुमश्चक्रीत, डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी दफ्तर जळालं आणि १८२१ पासून १८५१ पर्यंतच्या जनगणनांची जवळपास राख झाली. १८६१ आणि १८७१ च्या जनगणना सरकारनं स्वतःच आधी नष्ट केल्या होत्या. १८८१ आणि १८९१ चे कागद पहिल्या महायुद्धात लगद्यात गेले. आगीला बिचारीला अर्धंच काम उरलं होतं. आमच्या तलाठी कार्यालयात निदान ‘साहेब मीटिंगला गेलेत’ एवढं तरी सांगतात.

उरल्या १९०१ आणि १९११. दोन्ही घरबसल्या, फुकट बघता येतात. १९०१ मध्ये पणजोबा पहिल्याच रविवारी सापडले. बायको, पाच मुलं, गवती छप्पर, घराच्या दर्शनी बाजूला खिडक्या दोन. (खिडक्या सरकारनं मोजल्यात, माझ्या मनचं नाही.) वय ५४. मी वहीत खूण केली आणि मग बोटांवर हिशेब केला. वाऱ्याच्या रात्री चार वर्षांचा असलेला माणूस १९०१ मध्ये सहासष्टचा हवा. म्हणजे हा त्या चुलतभावांपैकी कुणी! खूण खोडली आणि पुढचे तीन रविवार उरलेल्या चौघांच्या मागे घालवले.

मग १९११ उघडली. तेच घर, त्याच दोन खिडक्या, तीच बायको, आणि पणजोबांचं वय ७६. दहा वर्षांत हा गृहस्थ बावीस वर्षांनी वाढला होता. बायको त्याच दहा वर्षांत आठच वर्षांनी वाढली होती, पण त्यात मला नवल वाटलं नाही.

मृत्यूच्या नोंदीत आईवडिलांची नावं नसतात. वय, धंदा, लग्न झालेलं की नाही, मृत्यू कुठे झाला, कारण आणि खबर कुणी दिली, एवढंच. मी आधी साठीतले मेलेले पाहिले, मग सत्तरीतले, मग ऐंशीतले. एकूण सात सापडले. एक अनाथ-गरिबांच्या वर्कहाउसमध्ये गेलेला. सासूबाई म्हणाल्या, "आमचे नव्हेत." एकजण अविवाहित. "हे तर नक्कीच नव्हेत." मधेच कुत्र्यांच्या परवान्यांची नोंदवही सापडली. तिथे पणजोबांचा कुत्रा काळापांढरा, मेंढ्या राखणारा, असा स्वच्छ अक्षरात हजर. कुत्र्याबद्दल शंका नाही, शंका फक्त मालकाबद्दल. शेवटी टाउनलँड जुळली, खबर देणारी सून जुळली. जानेवारी १९१५, वय ८०, मृत्यूचं कारण वार्धक्य.

आता राहिला जन्म. कॅथलिक चर्चच्या जुन्या वह्या राष्ट्रीय ग्रंथालयानं ऑनलाइन ठेवल्यात, बऱ्याच लॅटिनमध्ये, आणि हस्ताक्षर असं की पाद्रीबाबा घोड्यावर बसून लिहीत असावेत. रात्री एक वाजता बाप्तिस्मा सापडला. आईबापांची नावं बरोबर, टाउनलँड बरोबर, मे १८४६.

म्हणजे मोठ्या वाऱ्याच्या रात्रीनंतर सात वर्षांनी जन्मलेल्या माणसाला ती रात्र आठवत होती.

मग सगळं उलगडलं. १९०८ च्या कायद्यानं १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना पेन्शन सुरू झालं, आठवड्याला पाच शिलिंगपर्यंत. पण जन्मनोंद सुरू झाली १८६४ मध्ये, त्यामुळे सत्तरीतल्या कुणाकडेच दाखला नव्हता. डब्लिनला १८५१ ची जनगणना तपासून घेता यायची, पण तिथे पणजोबा चार वर्षांचं पोर म्हणून निघाले असते. दुसरी खूण तोंडी होती: मोठा वारा आठवतो का? आठवत असेल तर सत्तरी झाली! अख्ख्या देशाची स्मरणशक्ती रातोरात सुधारली. पुढे ती १८५१ ची जनगणनाही जळाली. पणजोबा सात वर्षं आधीच गेले होते, म्हणून संशयाला जागा नाही.

थोडक्यात, माणूस अडुसष्टाव्या वर्षी वार्धक्यानं वारला.

सासूबाईंना हे सांगायचं कसं? नवरा म्हणाला, "तू शोधलंस, तूच सांग." मी चहा केला, बाप्तिस्म्याचा कागद पुढे ठेवला. त्या बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग साल बोटानं दाबून म्हणाल्या, "शेहेचाळीस? स्किबरीनला?" मला तेव्हा लक्षात आलं. बटाट्याचं पीक सडून पडलेला तो मोठा दुष्काळ. तिथल्या ॲबीस्ट्रूरीच्या दफनभूमीत आठ ते दहा हजार माणसं एकत्र पुरलेली आहेत. त्या वर्षी जन्मलेलं पोर जगलं होतं.

"किती वर्षं घेतलं पेन्शन?"

"सहा. वर्षाला तेरा पौंड. पूर्ण मिळालं असेल तर अठ्ठ्याहत्तर."

"कमीच घेतलं," त्या म्हणाल्या आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. येत्या ख्रिसमसला नॅपकिन आणखी उंच उडणार, हे मला दिसलं.

रात्री बाबांना फोन केला. बाबांची जन्मतारीख १ जून. म्हणजे खरी कुणालाच ठाऊक नाही, शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठरवलेली. त्यात त्यांचं वय एका वर्षानं जास्त लागलं आणि सत्तावन्नाव्या वर्षीच ते ‘अठ्ठावन्न पूर्ण’ म्हणून निवृत्त झाले. त्या एका वर्षाच्या पगाराचं दुःख आमच्या घरात वडिलोपार्जित आहे. मी सगळी हकिगत सांगितली. पलीकडे मोठी शांतता.

"बावीस वर्षं?" बाबा म्हणाले. "आणि वसुली नाही निघाली?"