‘औषध टाकलं, लॉन हिरवं झालं, मग अडचण काय?’ : एका वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही म्हणता, ‘आधी पाणी आणि कटिंग सुधारा, औषध शेवटी’ या माझ्या लेखावर विसंबून सोसायटीच्या लॉनला जूनपासून निंबोळी पेंडेशिवाय काहीच टाकलं नाही. जुलैअखेर हरळीवर ताटाएवढे तपकिरी गोल उठले. सभासद तुम्हाला बोलायला लागले. मग माळ्याने दाणेदार औषध आणि युरिया फेकला आणि आठ दिवसांत लॉन हिरवं झालं. शेवटचं वाक्य होतं, ‘असले लेख लिहून लोकांचं नुकसान करू नका.’

आधी माझी चूक कबूल करतो. ‘निंबोळी पेंडेने हुमणी आटोक्यात राहते’ असं मी लिहिलं होतं (हुमणी म्हणजे जमिनीत राहून गवताची मुळं खाणारी भुंगेऱ्याची अळी). ते वाक्य लेखातून काढलं आहे. पेंड जमिनीला चांगली, पण ऑगस्टपर्यंत बोटाएवढ्या झालेल्या अळीला ती पुरी पडत नाही. कोल्हापूरकडे उसाच्या फडाला लागून माझं लहानसं लॉन आहे, तिथे मी स्वतः हे पाहिलं होतं. तरीही लेखात मोघम लिहून गेलो. त्याचा त्रास तुम्हाला झाला, याचं मनापासून वाईट वाटतं.

पण तुमच्याकडे हुमणीच होती, हे कशावरून? प्रतिक्रियेत अळी दिसल्याचा उल्लेख कुठेच नाही. तपकिरी गोल बुरशीनेही उठतात आणि हुमणीनेही, शिवाय दोन्हींचा हंगाम हाच. वरून बघून ओळखता येत नाही, हात लावावा लागतो. गोलाच्या कडेचं गवत मुठीत धरून ओढा. हुमणीने मुळं खाल्ली असतील तर हिरवळ गोधडीसारखी उचलून येते आणि खालच्या मातीत इंग्रजी ‘सी’सारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या पांढऱ्या अळ्या सापडतात. साळुंक्या किंवा बगळे एकाच जागी रोज चोची मारत असतील तर तीही खूणच. बुरशी असेल तर मुळं जमीन सोडत नाहीत, पात मात्र बुडाशी कुजून सुटून हातात येते. सूर्य वर येण्याआधी गेलात तर गोलाच्या कडेला दवात भिजलेलं कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतं. ती बुरशीच.

तुम्ही लिहिलंय की पाणी संध्याकाळी सातला देता आणि पावसाची उघडीप असली की रोज देता. त्यामुळे माझा संशय बुरशीवर आहे. पात रात्रभर ओली राहिली की बुरशीला आणखी काय हवं? आणि तसं असेल तर कीटकनाशकाच्या दाण्यांनी ती गेलेली नाही, कारण ते औषध बुरशीचं नव्हेच. त्या आठवड्यात ऊन पडलं असेल, पात वाळली असेल. युरियाने आजूबाजूची हरळी तरारली आणि तिच्या जमिनीवरून पसरणाऱ्या धावऱ्यांनी गोल झाकून टाकले. रंग परत आला म्हणजे रोग गेला असं नाही. पावसाळ्यात युरियाने फुटलेली पात लुसलुशीत असते आणि पुन्हा झड लागली की बुरशी तिच्यावरच आधी येते. म्हणून गणपतीच्या सुमाराला तेच गोल परत दिसले तर नवल वाटू देऊ नका. पाणी पहाटे द्या आणि जमीन ओली असेल तर देऊच नका. युरिया पाऊस ओसरेपर्यंत बंद. कटिंग पात कोरडी असताना, आणि एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. मशीनचं ब्लेड बोथट असलं की पातीची टोकं फाटतात, त्या जखमेतून रोग आत शिरतो. एवढं करूनही गोल पसरत राहिले तर बुरशीनाशक जरूर वापरा, माझा त्याला विरोध नाही.

आता त्या दाण्यांबद्दल. प्रतिक्रियेतली ही गोष्ट वाचून मला खरी काळजी वाटली. ‘माळी सुटी पुडी घेऊन आला आणि मगाने फेकली’ असं तुम्ही लिहिलंय. ती पुडी कशाची, हे आजच विचारा. गावोगाव ‘थायमेट’ म्हणून जे दाणे ओळखले जातात, ते फोरेट. केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२० पासून त्याची विक्री आणि वापर बंद आहे. ते कातडीतून अंगात भिनतं आणि थेट मज्जासंस्थेवर घाव घालतं. दाणे टिपणारे पक्षी मरतात. तुमच्या लॉनवर संध्याकाळी मुलं अनवाणी खेळतात, आणि त्या माळ्याने ते उघड्या हातांनी फेकलं असेल तर सगळ्यात जास्त धोका त्याला. पुडीवर नाव नसेल, दुकानदार पावती देत नसेल, तर ते औषध सोसायटीच्या फाटकातून आत येऊ देऊ नका. फोरेट निघालंच तर लॉनवर कुणालाही सोडू नका. माळ्याला मळमळ, घाम, अंधारी असं काही झालं का ते विचारा, झालं असेल तर औषधाचं नाव सांगून लगेच डॉक्टरांकडे न्या.

समजा खणल्यावर हुमणीच निघाली. चौरस फुटात एखाददुसरी अळी असेल तर सोडून द्या, हरळी तेवढं सोसते. पाच-सहा निघाल्या तर मेटारायझियम ही अळीला रोग लावून मारणारी मित्रबुरशी संध्याकाळी ओल्या जमिनीत सोडा. ती सावकाश काम करते. तिच्या मागेपुढे लगेच बुरशीनाशक ओतलंत तर तीच मरेल. खरा घाव मात्र पुढच्या मे-जूनमध्ये घालायचा. वळीव पडला की हुमणीचे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर पाला खायला बसतात. फांद्या हलवून ते खाली पाडायचे आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे. मादीने अंडी घालण्याआधी हे झालं तर ऑगस्टमध्ये खणायची वेळ कमी येते. हुमणीची वर्षाला एकच पिढी होते, म्हणून हे आठ-पंधरा दिवस फार मोलाचे. हो, शेणखतही पुरतं कुजलेलंच घ्या. अर्धकच्च्या खतातून अळ्या घरपोच येतात.

या रविवारी सकाळी माळ्याला सोबत घ्या, एका गोलाच्या कडेला फूटभर चौकोन चार बोटं खोल खणा आणि मातीत काय निघालं ते इथेच लिहा. पुडीवरचं नावही कळवा. पुढचं त्यावरून ठरवू.