‘प्रोसेस दाखवली की ऑर्डर गेली’ हे खरं नाही

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या उद्योजकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘मोठ्या कंपनीला प्रोसेस दाखवू नका. शेजारच्या व्हेंडरला काही सांगू नका. ज्ञान त्यांच्याकडेच जातं, आपल्याकडे येत नाही. शेवटी दर कापतात.’ त्यामागची भीती समजते, पण सल्ला घातक आहे.

‘दाखवू नका.’ गाड्यांच्या सुट्या भागांत हे जमणारच नाही. पीपॅप, म्हणजे नवा भाग पुरवण्याआधी ग्राहक कंपनीची मंजुरी, मिळायला प्रोसेस फ्लो (कामाचे टप्पे), एफएमईए (कुठे काय बिघडू शकतं याची यादी), कंट्रोल प्लॅन (कुठे काय तपासायचं) लागतातच. खरोखर गुप्त असेल ते कागदावर न पाठवता आपल्याच कारखान्यात दाखवण्याची सोय मागता येते. सगळंच झाकलं, तर रिजेक्शनचं कारण शोधायला समोरचा इंजिनिअर मदत कशी करणार?

‘शेजाऱ्याला सांगू नका.’ 1 फेब्रुवारी 1997 ला जपानमधल्या कारियाच्या आयसिन कारखान्यात आग लागली. टोयोटाच्या जवळपास सगळ्या गाड्यांचा ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह तिथेच बनायचा. टोयोटाच्या लाइन बंद पडल्या. आयसिनने ड्रॉइंग वाटली, दोनशेच्या आसपास कंपन्या कामाला लागल्या. शिवणयंत्रं बनवणाऱ्या ब्रदरनेही व्हॉल्व्ह करून दिले. आठवड्याभरात गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. ही तयारी आगीनंतरची नव्हती. टोयोटाचे पुरवठादार वर्षानुवर्षं एकमेकांच्या लाइनवर जाऊन दोष शोधत होते. आणि आयसिनचं काम पुढे आयसिनकडेच राहिलं.

‘आपल्याकडे काही येत नाही.’ मागितलं नाही तर येत नाही, आणि त्याची किंमत नाशिकने मोजली आहे. 2010 मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत सीसीसीचे, म्हणजे वेलीची वाढ आटोक्यात ठेवणाऱ्या रसायनाचे, अंश सापडले. तिथली मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम होती. आपल्या निर्यातपूर्व तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हतं. मर्यादा तिकडे ठाऊक होती, पण बागेपर्यंत पोचली नव्हती. फटका बागायतदाराला बसला. गुप्तता पाळून ही द्राक्षं वाचली नसती.

‘दर कापतात.’ हो, कापतात, आणि याचा मलाही राग येतो. पण तोंड बंद ठेवून दर टिकत नाही. आपल्याकडे व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा नाही, भिस्त करारावर आहे. म्हणून ड्रॉइंग देण्याआधी सही घ्या: सुधारणेतून वाचलेल्या पैशात आपला वाटा किती, तो दर किती काळ बदलणार नाही, आणि आपली पद्धत दुसऱ्या व्हेंडरकडे आपल्या लेखी परवानगीशिवाय जाणार नाही.