मान डोलावण्याची जबाबदारी

अभिनंदन! लक्ष्यं सुचवणाऱ्या लष्करी एआय यंत्रणेपुढे 'निर्णय घेणारा माणूस' म्हणून तुमची नेमणूक झाली आहे. घाबरू नका, काम हलकं आहे. लहानपणी दारात नंदीबैल यायचा, आठवतो? 'पाऊस पडेल का?' विचारलं की ढोलकं गुबुगुबु वाजायचं आणि बैल मान डोलवायचा. हवामानशास्त्र त्याला कुणी विचारलं नाही.

आधी 'योग्य' हा शब्द घोटून ठेवा. अमेरिकी संरक्षण खात्याचा स्वायत्त शस्त्रांबद्दलचा २०१२ चा निर्देश, जो २०२३ मध्ये सुधारला, सांगतो की बळ वापरताना माणसाच्या विवेकाला 'योग्य' प्रमाणात वाव हवा. योग्य म्हणजे किती? मीठ चवीनुसार.

गाझात इस्रायली लष्कराला लक्ष्यं सुचवणाऱ्या 'लॅव्हेंडर' या एआय यंत्रणेबद्दल '+९७२' मासिकाने एप्रिल २०२४ मध्ये इस्रायली गुप्तचर अधिकाऱ्यांच्या हवाल्याने छापलं, की यंत्राने दिलेल्या एकेका नावावर कधी जेमतेम २० सेकंद खर्च होत, तेही मुख्यतः नाव पुरुषाचं आहे ना, एवढं पाहायला. लष्कराने अर्थातच हे नाकारलं. आमच्याकडे रेशनच्या दुकानात अंगठा जुळायला याहून जास्त वेळ लागतो.

लष्करात एआय जबाबदारीने कसा वापरावा, यावरच्या परिषदेचं आमंत्रण आलं तर सोडू नका. २०२३ मध्ये हेगला झाली, २०२४ मध्ये सोलला. सोलच्या आराखड्याला साठेक देशांनी पाठिंबा दिला. चीनने दिला नाही, आपणही नाही. ज्यांनी दिला, त्यांच्यावरही तो बंधनकारक नाही, तेव्हा कुणाचंच काही अडलं नाही.

यंत्र चुकलं तर? मार्च २००३ मध्ये इराक युद्धात 'पॅट्रियट' या अमेरिकी हवाई संरक्षण यंत्रणेने तळावर परतणारं ब्रिटिश टॉर्नेडो विमान शत्रूचं क्षेपणास्त्र ठरवलं. समोरच्या माणसांनी यंत्राचा शब्द मोडला नाही. विमानातले दोघेही मित्रसैन्याच्याच हातून गेले. खापर फोडायला कपाळ लागतं, आणि यंत्राला ते नसतं. म्हणून तर तुम्हाला नेमलंय.

सोव्हिएत लष्करी अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव्हचा कित्ता मात्र चुकूनही गिरवू नका. २६ सप्टेंबर १९८३, क्षेपणास्त्र हल्ल्याचा इशारा देणारं मॉस्कोजवळचं सेर्पुखोव्ह-१५ केंद्र. पडदा सांगतोय, अमेरिकेतून क्षेपणास्त्रं सुटली, एकूण पाच. आणि हे गृहस्थ विचार करत बसले! युद्ध सुरू करायचं तर कुणी फक्त पाचच कशाला सोडेल? वर कळवलं, इशारा खोटा आहे. खोटाच होता, ढगांवरून परतलेलं ऊन उपग्रहाला क्षेपणास्त्र वाटलं होतं. पण चौकशीत या माणसाने बोलणी खाल्ली ती नोंदवही वेळेवर न भरल्याबद्दल. एका हातात फोन, दुसऱ्यात इंटरकॉम, तिसरा हात कुठून आणू, असं तो पुढे सांगायचा.

तुमच्यावर ही वेळ नको. नोंदवही आजच भरून ठेवा: 'तपासले, योग्य आहे.' वेळेचा रकाना तेवढा कोरा सोडा.